उलट बोलते म्हणून उजवू नका

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो आणि निकाल लागायच्या आत स्थळं यायला लागतात. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, गावाकडे थोडं रान आहे, मागणी फार नाही, फक्त यंदाच्या लग्नसराईत उरकायचं आहे. मुलगी सोळाची. आधी चुलत्याशी बोलणं होतं, मग मामाशी, मग आजीशी. सगळ्यांत शेवटी मुलीला कळवलं जातं. ती म्हणते, मला एवढ्यात लग्न करायचं नाही, मला अकरावीला जायचंय. लगेच घर एका सुरात म्हणतं : बघा, किती उलट बोलायला लागली. पोरगी हाताबाहेर जायच्या आत उरकून टाकलेलं बरं.

हे आवाहन त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. मुलीच्या उलट बोलण्यावर लग्न हा इलाज नाही. उलट बोलणारी मुलगी अजून घराशी बोलते आहे, तिचा अजून तुमच्यावर भरवसा आहे, एवढंच त्यातून दिसतं. खरी काळजी करायची ती तिनं बोलणं थांबवलं तर.

पुसेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. मी लिहिते आहे ते आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावच्या आणि आसपासच्या गावं-तांड्यांवरच्या आईबापांसाठी. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद यांवर इथला संसार चालतो. भाव पडला की आधी मुलीचं शिक्षण थांबतं आणि भाव बरा मिळाला की आधी मुलीचं लग्न ठरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्क्यांच्या घरात होतं, म्हणजे जवळपास निम्म्या मुली. आपला जिल्हा १९९९ मध्ये त्याच परभणीतून वेगळा झाला. जिल्हा वेगळा झाला, रीत तीच राहिली.

बंड, बंड म्हणजे काय?

आधी तिच्यावरचे आरोप नीट मांडून पाहू. तेल चोपडून दोन वेण्या घालायला नको म्हणते. भावानं जेवून तसंच ठेवलेलं ताट मी का उचलू, असं विचारते. पाळीच्या दिवसांत बाजूला बसणार नाही म्हणते. मोबाईलला पासवर्ड घातला आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला हिंगोलीला जायचं म्हणते. कोणाशी बोलत होतीस, असं विचारलं तर उत्तर देत नाही. पाहुण्यांसमोर चहा घेऊन यायला नकार देते.

यातलं काही तिच्या हक्काचं आहे. भावाचं ताट भावानं उचलावं, हे म्हणणं बंड नाही, न्याय आहे. पाळीत बाजूला बसवणं हे शास्त्र नाही, जुनी सवय आहे. शाळेत तिला शरीराविषयी धडा शिकवतात आणि घरी येऊन तिला तो विसरायला सांगतात, तेव्हा ती चिडणारच. यातलं काही निव्वळ वयाचं आहे. केस, कपडे, आरसा, दार आपटणं, रडणं, अबोला. हे सगळं मुलगाही करतो. त्याला आपण 'वयात आलाय' म्हणतो आणि सोडून देतो. तिसरं जे आहे त्याकडे मात्र खरंच लक्ष हवं : अनोळखी माणसाशी फोनवर वाढलेली ओळख, अचानक शाळेत जायची टाळाटाळ, खाणं-झोपणं बिघडणं, 'मला जगायचंच नाही' असं बोलणं.

आपली चूक होते ती इथे. या तिन्हीला आपण एकच नाव देतो आणि तिन्हीवर एकच शिक्षा करतो. केस मोकळे सोडले म्हणूनही ओरडा आणि कुणी फोटो मागून त्रास देतंय म्हणूनही ओरडा. मग मुलगी शिकते ते एवढंच की घरी काहीच सांगायचं नाही. त्रास देणारा माणूस नेमका तिच्या या गप्प राहण्यावर टपलेला असतो. 'तुझ्या बापाला सांगीन' ही त्याची सगळ्यात मोठी धमकी असते. बापाला ती आधीच सांगू शकत असेल, तर त्या धमकीत काही उरत नाही.

म्हणून आईबापांनी एक वचन घरात मोठ्यानं द्यावं : काहीही झालं तरी आधी मला सांग, सांगितलंस म्हणून मी मारणार नाही आणि तुझी शाळा बंद करणार नाही. दिलेलं वचन पाळावंही. ते एकदा मोडलं, तर ती पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

आपल्या भागाला बोलणाऱ्या मुली नव्या नाहीत

कुणी म्हणेल, ही शहरातली फॅडं आहेत, आपल्या संस्कारात मुलीनं मोठ्यांसमोर तोंड उघडायचं नसतं. त्यांनी आपल्याच वाटेवरच्या गोष्टी आठवाव्यात. नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे, नामदेवांचं गाव म्हणून आपण तिथे डोकं टेकवतो. औंढा नागनाथही आपलंच. या दोन ठिकाणांना जोडणारी कथा प्रत्येक कीर्तनकार सांगतो. संतमंडळी तेरला गोरोबाकाकांकडे जमली होती. मुक्ताबाईनं गोरोबांच्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, याचा उपयोग काय? मडकं पक्कं की कच्चं ते कळतं, म्हणाले. मग आम्हालाही पारखून बघा, म्हणाली. एकेकाच्या डोक्यावर थापटणं पडलं, सगळे गप्प बसले, नामदेवांना मात्र राग आला. ठरलं, हे मडकं कच्चं. विठ्ठलाच्या इतक्या लाडक्या भक्ताला सगळ्यांसमोर असं ऐकून घ्यावं लागलं. पुढे ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि गुरू केले, असं परंपरा सांगते.

त्या वेळी मुक्ताबाईचं वय किती होतं? ती नामदेवांपेक्षा लहान. विशीच्या आसपास तिचं आयुष्य संपलं, त्यामुळे ही मुलगी तेव्हा किशोरवयातलीच असणार. हीच मुक्ताबाई थोरला भाऊ रुसून दार लावून बसला तेव्हा बाहेरून त्याला समजावते, आणि ते ताटीचे अभंग आपण भक्तीनं म्हणतो. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. तीही अभंगातून विठ्ठलाशी भांडते, त्याला शिव्या घालते. देवाशी भांडलेली जनी आपल्याला चालते आणि बापाला 'का' विचारलेली लेक चालत नाही, हा कुठला संस्कार?

नामदेवांचं मोठेपण असं की टोचणारं बोलणं ऐकून ते औंढ्याची वाट चालले, बोलणाऱ्या मुलीचं तोंड बंद करायला गेले नाहीत. बापाचा मोठेपणाही तिथेच दिसतो.

तुमची भीती खोटी नाही

आईबापांना मूर्ख समजून दिलेला सल्ला कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. लहान वयात लेक उजवणारा बाप लेकीचा वैरी नसतो. त्याच्या काळजीला कारणं असतात. दिवस वाईट आहेत. एसटीत, रस्त्यावर पोरं छेड काढतात. उद्या नाव निघालं तर लहान बहिणीलाही स्थळ येणार नाही. मुलगी जास्त शिकली तर तिच्या तोडीचा मुलगा हवा, म्हणजे हुंडाही जास्त. मोठीच्या लग्नाच्या मांडवात धाकटीचंही उरकलं तर एक खर्च वाचतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जायचं तर वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची?

यातल्या प्रत्येक प्रश्नाला लग्न सोडून दुसरं उत्तर आहे. छेड काढणाऱ्याची शिक्षा मुलीला का? शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, असा शासनाचा आदेश २०२२ पासून आहे. तुमच्या शाळेत ती आहे का, तिच्या बैठका होतात का, हे मुख्याध्यापकांना विचारा. चार गावांतल्या मुली एकाच गाडीनं जात असतील तर त्यांच्या आया एकत्र येऊन आगारात जाऊ शकतात, पोलीस ठाण्यात जाऊ शकतात. एकट्या बापाचं कुणी ऐकत नाही, दहा आया आल्या की साहेब उठून खुर्ची देतात.

प्रवासाचा खर्च हे आता कारण राहिलेलं नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास मोफत मिळतो. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी वेगळ्या निळ्या गाड्या सुटल्या आणि सायकलीही मिळाल्या. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पुढच्या शिक्षणाचंही तसंच : २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास गटांतल्या मुलींचं अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. त्याच्या अटी, कागदपत्रं, तारखा कॉलेजच्या कार्यालयात विचारा. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवा. मुलींचे प्रवेश कागदापायीही हुकतात.

स्थलांतर करणाऱ्यांनी जायच्या आधी दिवाळीतच शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची मुलींची वसतिगृहं असतात. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय कळमनुरीलाच आहे. आणि शाळा मध्येच सुटली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते. सुटलेली शाळा म्हणजे संपलेलं शिक्षण नव्हे.

हुंड्याचा हिशेबही एकदा नीट करून बघा. सोळाव्या वर्षी लग्न करून हुंडा वाचतो, असं म्हणतात. मग पहिलं बाळंतपण सतराव्या वर्षी येतं. त्याच आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी त्यासाठीच असते, आणि ती मळमळतं म्हणून फेकून दिली जाते. जेवणानंतर ती घ्यायला लावा. अशा मुलीच्या पोटी मूल राहिलं तर दोघांच्या जिवाला धोका, मूल कमी वजनाचं, दवाखान्याच्या फेऱ्या माहेरच्या खर्चानं. ते सगळं हुंड्याच्या हिशेबात धरलेलं नसतं.

कायदा काय म्हणतो, ते सोप्या भाषेत

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण व्हायला हवं. एक दिवस कमी असला तरी तो बालविवाह. असं लग्न लावणारा, ठरवणारा, होऊ देणारा पालक आणि अठरा पूर्ण झालेला नवरा मुलगा, प्रत्येकाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्यात बाईला कैद होत नाही, पण दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे.

गावात याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. तोच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि अंगणवाडीताई त्याच्या मदतीला. कुठे असं लग्न ठरत असेल तर १०९८ वर फोन करता येतो. हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, स्वतः मुलगीही करू शकते. लग्नाच्या दिवशी फोन करण्यापेक्षा बोलणी चालू असताना केलेला बरा. मांडवातून परत गेलेल्या वरातीची चर्चा गाव वर्षभर करतं. सुपारीच्या आधी थांबलेलं लग्न कुणाच्या लक्षातही राहत नाही.

लग्न होऊन गेलं तरी दार बंद होत नाही. बालविवाह झालेल्या मुलीला वीस वर्षांची होईपर्यंत कोर्टात अर्ज करून ते लग्न रद्द करून घेता येतं. मधल्या काळात मूल झालं असेल तर ते कायद्यानं औरसच असतं.

आणखी एक गोष्ट फार घरांना माहीत नसते. अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, ती लग्नाची बायको असली तरीही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ते स्पष्ट केलं आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही बायकोचं वय अठराच धरलं आहे. म्हणजे सोळा-सतराची लेक बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात गेली, आधार कार्डावर वय दिसलं, की पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जावई तुरुंगात, व्याही कोर्टात, आणि मुलगी बाळासह माहेरी. जिच्या 'सुरक्षिततेसाठी' घाई केली, तिच्या वाट्याला हे येतं.

प्रेमप्रकरण कळलं तर

हा भाग टाळून चालणार नाही, कारण बरीच घाईची लग्नं इथूनच निघतात. मुलीच्या वहीत चिठ्ठी सापडते, फोनमध्ये मेसेज सापडतात. मुलगा दुसऱ्या जातीचा असला तर घराचं डोकंच फिरतं. मार, फोन काढून घेणं, शाळा बंद, मामाच्या गावी रवानगी आणि पंधरा दिवसांत लग्न. २०१६ मध्ये आपण सगळ्यांनी 'सैराट' पाहिला, शेवटी डोळे पुसले आणि घरी येऊन पुन्हा तसेच वागलो.

शांत डोक्यानं विचार करा. सोळाव्या वर्षी कुणी आवडणं हा गुन्हा नाही, ते वयाचं लक्षण आहे. शाळा चालू असेल, घरी बोलता येत असेल, तर त्यातली बरीच प्रकरणं आपोआप निवतात. शाळा बंद केली आणि स्थळ आणलं, की त्या दोघांपुढे पळून जाण्याखेरीज रस्ता उरत नाही. पळून गेले तर मुलावर पोक्सोचा गुन्हा, मुलगी बालकल्याण समितीपुढे आणि तिथून कदाचित बालगृहात. दोन कोवळी आयुष्यं आणि दोन घरं उद्ध्वस्त होतात, गावात जातीजातीत तेढ वाढते ती वेगळीच. त्या मुलाच्या आईबापांनीही हे वाचावं. आपल्या पोराला 'अठराच्या आत काही नाही' हे सांगायची जबाबदारी त्यांची आहे.

मुलीला सांगायचं ते असं : आवडला, ठीक आहे. तो खरा असेल तर तू अठराची होईपर्यंत, शिक्षण होईपर्यंत थांबेल. फोटो पाठवायचा नाही, एकटं भेटायचं नाही, कुणी घाई केली तर मला सांगायचं. एवढं सांगायला बापाला जड जात असेल तर आत्या सांगेल, आजी सांगेल, विश्वासातल्या बाई सांगतील. कुणीतरी सांगायलाच हवं.

एका मुलीनं 'नाही' म्हटलं, तिची गोष्ट

मुंबईत १८६४ मध्ये रखमाबाई जन्मली. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावलं. ती आईच्याच घरी राहिली, मिळतील ती पुस्तकं वाचत राहिली आणि मोठी होता होता तिनं ठरवलं की या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही. १८८४ मध्ये दादाजीनं कोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. पण अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिनं कळवलं, तुरुंग चालेल. वर्तमानपत्रांत तिच्यावर टीकेचा भडिमार झाला, टिळकांचा 'केसरी'ही तिच्या विरोधात होता. शेवटी १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. ती लंडनला गेली, डॉक्टर होऊन परतली आणि सुरत, राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत तिनं उभं आयुष्य घालवलं. १९५५ मध्ये ती गेली, तेव्हा नव्वदीत होती. तिचा खटला चालला त्या काळात सुरू झालेल्या वादातूनच १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला.

रखमाबाईच्या धैर्याबद्दल सगळेच बोलतात. मला तिच्या घराबद्दल बोलायचं आहे. तिची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर तिनं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. हे सावत्र वडील मुलीच्या पाठीशी उभे राहिले. घरात पुस्तकं होती, घराचं दार तिच्यासाठी उघडं होतं. 'तू जा, आम्हाला लोक नावं ठेवतात' असं म्हणून घरानं तिला बाहेर काढलं नाही. बाहेर समाजातून एवढा विरोध होत असताना तिला जे पेललं, ते माहेर टिकलं म्हणून. बंडखोर मुलगी डॉक्टर होते की विहीर जवळ करते, हे पुष्कळदा तिच्या बंडावर ठरत नाही, घरावर ठरतं.

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण हवं असेल तर धाराशिवची सारिका काळे घ्या. गरीब घरातली मुलगी, मैदानात खो-खो खेळायला गेली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघाची ती कर्णधार होती आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 'पोरीच्या जातीनं चड्डी घालून पळायचं का' असं म्हणणारी माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांचं ऐकलं असतं तर तो पुरस्कार मराठवाड्यात आलाच नसता.

मुलींनो, तुम्हालाही दोन शब्द

तुमच्या बाजूनं एवढं लिहिलं म्हणून तुमचं सगळंच बरोबर, असं नाही. आईवर ओरडून काही मिळत नाही. तिचं लग्न तिला न विचारता झालेलं असतं आणि तुमच्या 'का' ला तिच्याकडे उत्तर नसतं, म्हणून ती चिडते. तिला तिची गोष्ट विचारा. बऱ्याच घरांत आई त्यानंतर बाजू बदलते.

नको असलेल्या लग्नाला नकार द्यायचा तर नुसतं रडू नका. काय करायचं आहे ते ठरवून सांगा : कोणत्या कॉलेजला, कोणत्या शाखेला, जायचं कसं, खर्च किती. हातात कागद घेऊन बोलणाऱ्या मुलीला नाही म्हणणं बापाला अवघड जातं. घरातला एक माणूस आपल्या बाजूला वळवा, मग तो मामा असो की धाकटा काका. कुणीच ऐकत नसेल तर वर्गशिक्षिकेला सांगा, अंगणवाडीताईला सांगा, १०९८ फिरवा. जिवाचं बरंवाईट करून घेण्यानं कुणाला अद्दल घडत नाही, फक्त तुम्ही उरत नाही. आणि कुणाच्याही मोटारसायकलवर बसून रात्री घर सोडू नका. ज्या स्वातंत्र्यासाठी भांडताय ते अशा वाटेनं मिळत नाही.

गावानं काय करायचं

पुसेगावच्या आणि आसपासच्या गावांतल्या सरपंचांना, ग्रामसेवकांना, शिक्षकांना, कीर्तनकारांना हे मागणं आहे. येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. मुलीच्या वयाचा दाखला पाहिल्याशिवाय गावात मांडववाले, बँडवाले, पत्रिका छापणारे आणि लग्न लावणारे भटजी, काझी, भंतेजी कुणीही काम घेणार नाहीत. दहावीनंतर शाळा सोडलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी ग्रामपंचायतीचा एक सदस्य आणि एक शिक्षिका जाऊन कारण विचारतील. आणि गावातल्या मैदानावर संध्याकाळी एक तास मुलींचा असेल, खेळायला. तिसऱ्या ठरावाला हसू नका; गावाच्या मधोमध निर्धास्त पळणाऱ्या मुली रोज दिसू लागल्या की 'नाव निघेल' ही भीती आपोआप बोथट होते.

कीर्तनकार महाराजांनी मुक्ताबाईची गोष्ट सांगताना समोर बसलेल्या बापांना एक प्रश्न विचारावा : तुमच्या घरातल्या मुक्ताईचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

आणि ज्या घरात यंदा दहावीची मुलगी आहे, त्या घरासाठी काम अगदी छोटं आहे. पाहुण्यांचा फोन आला तर सांगा, मुलगी अठराची होईपर्यंत आम्ही बोलणीच करत नाही. हे एक वाक्य पाठ करा, आजीलाही पाठ करायला लावा. सुरुवातीला पाहुणे रागावतील, पण दोन-चार घरांनी तेच सांगितलं की विचारायचे थांबतील. मग निकालानंतर अकरावीचा फॉर्म भरायला तिच्यासोबत जा. वाटेत ती वाद घालेल. घालू द्या.